काम विचारून माल देणारे दुकान : महापे-पावणे पट्ट्यातील सुरक्षा साहित्य विक्रीबद्दल अभिप्राय

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला पसरलेल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात सुरक्षा साहित्य विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेक दुकानांत नट-बोल्ट, वेल्डिंग रॉड, दोरखंड आणि रंगाचे डबे यांच्या जोडीला एका भिंतीवर पिवळी हेल्मेट आणि नारिंगी जाकिटे टांगलेली असतात, आणि मागाल ते लगेच मिळते. महापे आणि पावणे यांच्या दरम्यान एका गाळ्यातल्या ज्या दुकानाबद्दल मी लिहीत आहे, तिथे केवळ सुरक्षा साहित्यच ठेवले जाते, आणि ते मागताक्षणी हातात पडत नाही; आधी काम कोणते ते विचारले जाते. दुकानाच्या काही ठळक उणिवाही पुढे लिहिल्या असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांना कोणत्याही दुकानात काय पाहावे आणि काय विचारावे, हे यातून कळले तरी पुरे आहे.

विचारून माल देण्याला मी इतके महत्त्व का देते, ते आधी सांगते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारणपणे हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर घातली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ती मर्यादा पाचशेवर, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी अडीचशेवर आणली. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथल्या गाळ्यांतून आणि लहान भूखंडांवर चालणारे असंख्य कारखाने या दोन्ही मर्यादांच्या खूप खाली राहतात. आमचा कारखानाही त्यांतलाच. धातूच्या सुट्या भागांवरचा गंज हायड्रोक्लोरिक आम्लात काढणे, ग्रीस सॉल्व्हंटने, म्हणजे ते विरघळवणाऱ्या द्रवाने, पुसणे, थोडे वेल्डिंग, थोडे रंगकाम आणि मागच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प (ईटीपी), असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. अशा ठिकाणी सुरक्षेची जबाबदारी स्टोअर सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे येते, आणि आमच्याकडे ती माझ्याकडे आहे. रसायनाच्या ड्रमबरोबर येणारे सुरक्षा माहितीपत्रक वाचून त्यातल्या एका ओळीचे रूपांतर योग्य हातमोज्यात किंवा मास्कला बसणाऱ्या योग्य गाळणीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, करणारा जाणकार माणूस लहान कारखान्याला सहसा मिळत नाही. व्यवहारात तो सल्ला दुकानाच्या काउंटरवरच मिळतो, किंवा मिळतच नाही. म्हणून सुरक्षा साहित्याच्या दुकानाचा दर्जा मालाच्या भावावरून ठरवू नये, तिथल्या सल्ल्यावरून ठरवावा, असे माझे ठाम मत आहे.

या दुकानात काउंटरवर जे ज्येष्ठ गृहस्थ बसतात, त्यांना परिसरातले सगळे फिटर, ठेकेदार आणि स्टोअरवाले काका म्हणतात. आम्लाच्या टाकीजवळ काम करणाऱ्यांसाठी मास्क हवा, वास फार येतो, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. ते म्हणाले, "मॅडम, वास सांगू नका, ड्रमवरचं नाव सांगा." मी नाव सांगितल्यावर त्यांनी टाकीचे तापमान विचारले, माणूस तिथे सलग किती वेळ उभा राहतो ते विचारले, आणि टाकीच्या कडेला धूर ओढून घेणारा एक्झॉस्ट आहे का, हेही विचारले. मास्क विकणाऱ्याने एक्झॉस्टची चौकशी करणे हे त्याच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण सुरक्षेच्या शास्त्रात तोच प्रश्न आधी येतो. धोका मुळातच काढून टाकता येईल का, कमी घातक रसायन वापरता येईल का, वाफ जिथे उठते तिथेच ओढून घेता येईल का, कामाची पद्धत बदलता येईल का, हे सगळे पाहून झाल्यावरच माणसाच्या अंगावर चढवायच्या साहित्याची पाळी येते.

श्वसनाचे साहित्य हा या दुकानाचा सर्वांत भक्कम विभाग आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. अर्धा चेहरा झाकणाऱ्या रबरी किंवा सिलिकॉनच्या मास्कला दोन्ही बाजूंनी जी कार्ट्रिज बसतात, त्यांच्यावर रंगाचे पट्टे असतात, आणि आपल्या बाजारात हे रंग दोन वेगवेगळ्या पद्धतींचे एकत्र नांदतात. युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा म्हणजे ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उत्कलनबिंदू असलेल्या सेंद्रिय सॉल्व्हंटची वाफ, करडा म्हणजे क्लोरीनसारखे असेंद्रिय वायू, पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि तत्सम आम्लधर्मी वायू, हिरवा म्हणजे अमोनिया, आणि पांढरा म्हणजे धूळ व कण. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफेला काळा रंग आहे, आम्लधर्मी वायूंना पांढरा आहे, आणि पिवळा रंग सेंद्रिय वाफ व आम्लधर्मी वायू या दोन्हींसाठीच्या संयुक्त कार्ट्रिजचा आहे. हिरवा तेवढा दोन्हीकडे अमोनियाचा राहतो. याचा अर्थ असा, की "पिवळे कार्ट्रिज द्या" एवढेच म्हणून आणलेली वस्तू एका कंपनीची असेल तर रंगकाम करणाऱ्याला थिनरपासून वाचवील, आणि दुसऱ्या कंपनीची असेल तर तीच वाफ नाकात जाऊ देईल. "पांढरे" म्हणून आणलेले कार्ट्रिज एका पद्धतीत आम्लाच्या वाफेचे असते, आणि दुसऱ्या पद्धतीत ते नुसते धुळीचे फिल्टर असते. या दुकानात दोन्ही पद्धतींचा माल दोन वेगळ्या कपाटांत ठेवला आहे आणि दोन्ही कपाटांच्या दारांवर मराठी आणि हिंदीत रंगांचे तक्ते लावले आहेत. इतकी साधी आणि इतकी उपयोगाची गोष्ट मी या पट्ट्यातल्या अन्य कोणत्याही दुकानात पाहिलेली नाही.

कार्ट्रिज देताना काका पाकिटावरची मुदत ग्राहकाला स्वतः वाचायला लावतात. पाकीट फोडल्याची तारीख कार्ट्रिजवर पेनाने लिहावी आणि काम संपल्यावर मास्क हवाबंद पिशवीत ठेवावा, असे ते प्रत्येकाला बजावतात. कार्ट्रिजमधला सक्रिय कोळसा मास्क खुंटीला टांगलेला असतानाही आजूबाजूची वाफ आणि ओलावा शोषत राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, त्यात सॉल्व्हंटची वाफ पकडण्याची त्याची ताकद आणखी घटते. वास आला की कार्ट्रिज बदलायचे, ही कामगारांमध्ये रूढ असलेली पद्धत धोक्याची आहे, कारण काही रसायनांचा वास अपाय होण्याइतकी मात्रा झाल्यानंतरच जाणवतो, आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू मुळातच गंधहीन असून साध्या कार्ट्रिजला तो पकडताही येत नाही. बदलण्याचे वेळापत्रक ठरवून भिंतीवर लावणे हाच त्यावरचा उपाय आहे. आमच्यासाठी ते वेळापत्रक काकांनी उत्पादक कंपनीच्या तांत्रिक विभागाकडून मागवून दिले, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. नायट्रिक आम्लाच्या कामातून उठणाऱ्या तपकिरी धुराची चौकशी करणाऱ्या दुसऱ्या एका ग्राहकाला त्यांनी आपल्याकडचे एकही कार्ट्रिज दिले नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी निळ्या-पांढऱ्या पट्ट्याचे वेगळे फिल्टर लागते आणि ते मागवावे लागेल, असे त्यांनी सांगितले. हा धूर फुप्फुसात गेल्यावर माणसाला सुरुवातीला बरे वाटते आणि कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी साचते, त्यामुळे इथे चालढकल करून भागत नाही.

याच काउंटरवर घडलेला एक व्यवहार मी समोर उभी राहून पाहिला. एका ठेकेदाराला कुठल्याशा कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीत गाळ काढायला माणसे उतरवायची होती आणि त्याला "चांगल्यातला मास्क" हवा होता. काकांनी सरळ सांगितले, "टाकीत उतरायला माझ्याकडे मास्क नाही, आणि असता तरी दिला नसता." मग त्यांनी कारणही समजावले. कार्ट्रिज हवा गाळते, हवा तयार करत नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते आणि ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेले की ती जागा श्वासासाठी धोकादायक धरतात. बंद टाकीत गाळ कुजून ऑक्सिजन संपलेला असेल तर जगातले सर्वांत महाग कार्ट्रिजही निरुपयोगी ठरते. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर येतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, आणि त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे वास थांबला तेव्हा धोका टळला असे माणसाला वाटते आणि प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. पहिला माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि त्यानंतर तिसरा. टाक्यांमधल्या दुर्घटनांच्या बातम्यांत एकाऐवजी दोन-तीन मृत्यू असतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने अशा जागांसाठी जी शिस्त घालून दिली, ती प्रत्येक ठेकेदाराला पाठ हवी. टाकीतला वायू काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय केलेले असावेत, आणि त्यानंतर एकतर सक्षम व्यक्तीने प्रत्यक्ष चाचणी करून टाकी सुरक्षित असल्याचा लेखी दाखला दिलेला असावा, नाहीतर उतरणाऱ्याने योग्य श्वसनयंत्र लावलेले असावे आणि त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. काकांनी ठेकेदाराला एका कागदावर गॅस मीटर (हवेतल्या वायूंचे प्रमाण मोजणारे यंत्र), ब्लोअर (ताजी हवा सोडणारा पंखा), माणसाला वर ओढायची तिपाईची विंच आणि बाहेर थांबणारा माणूस एवढे लिहून दिले, आणि मीटर व ब्लोअर भाड्याने देणाऱ्याचा नंबरही दिला. ठेकेदाराने नाराजीने का होईना, तो लिहून घेतला. हातातली विक्री सोडून दिलेला हा सल्ला मी या दुकानाच्या बाजूने सर्वांत वर धरते.

हातमोज्यांच्या बाबतीतही दुकान चांगले आहे, पण इथे ग्राहकाने स्वतः थोडे जाणून घेऊन जावे. "केमिकलचे हातमोजे" नावाची कोणतीही वस्तू अस्तित्वात नाही. एका रसायनाला अडवणारा मोजा दुसऱ्याला तासभरही अडवत नाही. हिरव्या नायट्राइल रबराच्या मोज्यावर तेल, ग्रीस आणि पुष्कळशी आम्ले फारसा परिणाम करत नाहीत, पण अ‍ॅसिटोन त्यातून लवकर पलीकडे जाते, आणि अ‍ॅसिटोनसाठी ब्युटाइल रबराचा मोजा लागतो. ग्रीस काढायला वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच पार होते आणि मोजा वरून कोरडा, धडधाकट दिसत राहतो. युरोपीय ईएन ३७४ मानकानुसार मोज्यावर फ्लास्कचे चित्र आणि त्याखाली अक्षरे छापलेली असतात. त्यांत बी म्हणजे अ‍ॅसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन, के म्हणजे ४० टक्के कॉस्टिक सोडा, एल म्हणजे ९६ टक्के गंधकाम्ल. या अक्षरांखेरीज मोज्याचा प्रकारही दिलेला असतो. ए प्रकारचा मोजा यादीतल्या किमान सहा रसायनांना प्रत्येकी किमान ३० मिनिटे थोपवतो, बी प्रकारचा तीन रसायनांना तेवढाच वेळ, आणि सी प्रकारचा केवळ एकाला १० मिनिटे. आपले रसायन त्या अक्षरांत किंवा उत्पादकाच्या तक्त्यात नसेल तर मोजा कितीही जाड असला तरी घेऊ नये. दुकानात ही अक्षरे समजावून सांगणारी एक तरुण मुलगी आहे, आणि तिला उत्पादकांचे तक्ते मोबाईलवर काढून दाखवता येतात. ती रजेवर असेल त्या दिवशी मात्र हातमोज्यांची खरेदी पुढे ढकललेली बरी, कारण मदतनीस मुले रंग आणि जाडी पाहूनच मोजा काढून देतात.

कापण्या-खरचटण्यापासून वाचवणाऱ्या मोज्यांवर हातोड्याच्या चित्राखाली आकडे असतात. त्यांतला पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा आणि चौथा टोचण्याचा. पत्रा हाताळणाऱ्यांसाठी दुसरा आकडा आणि चारही आकड्यांनंतर येणारे इंग्रजी अक्षर पाहावे. ड्रिल मशीनवर काम करणाऱ्या मुलासाठी मोजे मागितले तेव्हा दुकानाने ते दिले नाहीत, हेही योग्यच झाले. फिरत्या भागाजवळ मोजा हाताचे रक्षण करत नाही, उलट तो अडकतो आणि बोटांसह हात आत ओढला जातो.

सेफ्टी शूज घेताना बहुतेक लोक आयएसआय शिक्का पाहून समाधान मानतात. तेवढे पुरेसे नाही. शिक्क्याबरोबर आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा कोणता भाग छापला आहे ते पाहावे. भाग २ च्या बुटाच्या टोकाची टोपी २०० ज्यूलचा आघात झेलते, भाग ३ ची १०० ज्यूलचा झेलते, आणि भाग ४ च्या बुटात टोपी असण्याची अटच नाही. म्हणजे जड जॉब (घडवायचा धातूचा भाग) उचलणाऱ्या माणसाच्या पायात शिक्का असलेला, अस्सल, तरीही त्याच्या कामाला चुकीचा बूट असू शकतो. शिक्क्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का ते तिथल्या तिथे तपासता येते, आणि हे दुकान तशी तपासणी करू देते. दोन मिनिटांचे हे काम करताना काही दुकानांत कपाळाला आठ्या पडतात. इथे पडत नाहीत.

बुटांच्या बाबतीत माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती साठवणीबद्दल आहे. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत हळूहळू रासायनिकरीत्या विघटित होत जातो, बूट न वापरता खोक्यात पडून असला तरीही. खाडीकाठच्या आपल्या हवेत काही वर्षे पडून राहिलेला नवाकोरा दिसणारा बूट वापरायला काढल्यावर थोड्याच दिवसांत तळापासून भुगा होऊन गळू लागतो. दुकानाच्या पोटमाळ्यावरून काढलेल्या काही जोड्यांवरची निर्मितीची तारीख जुनी होती. दाखवून दिल्यावर त्यांनी विनातक्रार बदलून ताजा माल दिला, परंतु तारीख ग्राहकाने दाखवेपर्यंत तो माल विक्रीच्या रांगेत होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. इथून बूट घेताना प्रत्येक जोडीची तारीख पाहावी. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. सॉल्व्हंटजवळ काम असेल तर अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरवणारे अँटिस्टॅटिक बूट लागतात, आणि विजेच्या चालू पॅनेलवर काम असेल तर विद्युतरोधक बूट लागतात. दोघांचे काम एकमेकांच्या उलट आहे. दुकानात हे दोन्ही प्रकार एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि ते वेगळे करायला हवेत.

उंचीवरच्या कामाच्या साहित्यात दुकान सर्वांत कमी पडते. संपूर्ण शरीराचे हार्नेस, म्हणजे पडताना माणसाला धरून ठेवणारे अंगभर बांधायचे पट्टे, चांगल्या कंपन्यांचे आहेत, धक्का शोषणाऱ्या लॅनयार्डसह (हार्नेस आधाराला जोडणाऱ्या दोरासह) मिळतात, आणि आयएस ३५२१ ची खूणही असते. पण त्यांतले काही दाराबाहेर, थेट उन्हात टांगलेले असतात. हार्नेसचे पट्टे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांची ताकद क्षीण होते. बाहेर टांगलेला नमुना पुढे कोणाच्या तरी जिवावर विकला जाऊ नये, यासाठी त्याच्यावर तसे लिहिलेले तरी असावे. त्याहून गंभीर बाब म्हणजे कमरेचे जुने पट्टे अजूनही विकले जातात. पडताना केवळ कमरेवर आलेला झटका पोटातले अवयव आणि पाठीचा कणा यांना गंभीर इजा करू शकतो, आणि माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. काकांचे म्हणणे असे, की खांबावर टेकून काम करताना तोल सांभाळायला हे पट्टे लागतात. ते खरे आहे, पण मागणाऱ्यांतले बहुतेक लोक ते शेडच्या छतासाठी नेतात, आणि काम विचारण्याची या दुकानाची पद्धत नेमकी इथे ढिली पडते.

छताचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करते. दर मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, आपल्या एमआयडीसीतल्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बदलायला माणसे चढतात. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आणि त्यावर पाय पडला की माणूस थेट खालच्या मशीनवर येतो. लॅनयार्डची लांबी, शोषकाचे उलगडणे आणि माणसाची उंची मिळून खाली साधारण पाच-सहा मीटर मोकळी जागा हवी असते. ती नसेल तर हार्नेस ताणला जाण्यापूर्वीच माणूस जमिनीवर आदळतो. म्हणून अशा छतावर चालायच्या फळ्या, खालून जाळी आणि दोर बांधायला पक्का आधार, हे हार्नेसच्याही आधी यायला हवे. दुकानात जाळ्या मिळतात, फळ्या मिळत नाहीत.

हेल्मेटबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. आयएस २९२५ ची खूण, आत कोरलेला निर्मितीचा महिना व वर्ष, आणि हनुवटीचा पट्टा एवढे पाहावे. तिन्ही गोष्टी इथल्या सगळ्या मालावर आढळतात. मार्चच्या सुरुवातीला, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आसपास, दुकानात हेल्मेट, बिल्ले आणि फलकांसाठी गर्दी उसळते आणि त्या आठवड्यात कोणालाही नीट सल्ला मिळत नाही, म्हणून मोठी खरेदी त्यापूर्वी उरकावी. कानात घालायच्या फोमच्या गोळ्या स्वस्त आहेत, पण त्या बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सरकवायच्या आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायच्या असतात. नुसत्या कानाच्या तोंडाशी चिकटवलेल्या गोळीने आवाज फारसा कमी होत नाही. हे दाखवणारे चित्र काउंटरवर लावले तर बरे होईल.

महिलांसाठीच्या मापांचा तुटवडा ही या दुकानाची, आणि खरे तर या सगळ्या बाजाराचीच, मोठी उणीव आहे. आमच्याकडे पॅकिंगमध्ये आणि आता आम्लाच्या विभागातही महिला काम करतात. त्यांना लहान मापाचा मास्क हवा असतो. तो मागवून घ्यावा लागतो आणि यायला बराच वेळ लागतो. मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नसेल तर कार्ट्रिज कितीही योग्य असले तरी हवा कडेने आत शिरते. मास्क घातल्यावर उच्छ्वासाच्या झडपेवर तळहात ठेवून हलके फुंकावे, मग कार्ट्रिजवर हात ठेवून श्वास ओढावा, आणि दोन्ही वेळा कडेने हवा जाणवली नाही तरच तो मास्क त्या चेहऱ्याचा समजावा. दाढी राखणाऱ्या पुरुष कामगारांच्या बाबतीतही हीच अडचण येते. दुकानात अशी चाचणी करून पाहण्यासाठी वेगळे, निर्जंतुक करून ठेवलेले नमुने आहेत, ही चांगली सोय आहे, पण त्यांत लहान माप नाही. सेफ्टी शूजमध्ये पाच क्रमांकाखालचे माप मिळत नाही, आणि आमच्या ताई दोन मोजे चढवून मोठा बूट घालतात. मोठ्या बुटात पाय घसरतो आणि टोपी बोटांवर नीट येत नाही, म्हणजे बूट घालूनही त्या असुरक्षितच राहतात.

भावाबद्दल सांगायचे तर दुकान स्वस्त नाही. रस्त्याकडेच्या दुकानापेक्षा इथला भाव चढाच असतो. बिल जीएसटीसह पक्के मिळते, मोठ्या खरेदीवर थोडी सूट मिळते, आणि मागितल्यास चाचणी प्रमाणपत्राची प्रत ईमेलने येते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी तपासणीला आले तर ही कागदपत्रे उपयोगी पडतात. मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. काही ठेकेदार इथून घेतलेल्या बुटांचे आणि हेल्मेटचे पैसे कामगारांच्या पगारातून हप्त्याने कापतात, आणि काउंटरवर उभे राहून तसे उघडपणे बोलतातही. कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ ने पुरवायच्या साहित्यासाठी कामगाराकडून पैसे घेण्याची मनाई केली, आणि २०२० च्या संहितेतही सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कर्मचाऱ्यावर लावू नये अशी स्पष्ट तरतूद आहे. पैसे कापले गेले की कामगार तो बूट जपून ठेवतो आणि कामावर जुन्या चपला घालून येतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. दुकानाने ही तरतूद मराठी आणि हिंदीत लिहून काउंटरवर लावावी, अशी विनंती मी केली आहे. काकांनी नकार दिला नाही, पण अजून लावलेली नाही.

मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांत जे स्फोट झाले, त्यांच्यासारख्या आपत्तीपुढे हेल्मेट आणि हातमोजे काहीच करू शकत नाहीत. त्यासाठी प्रक्रियेची रचना, दाब व तापमानाचे नियंत्रण, साठवणुकीची मर्यादा आणि तपासणी यांकडेच जावे लागते. ज्यांना त्या दिशेने प्रशिक्षण हवे आहे त्यांच्यासाठी १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय आपल्या सीबीडी बेलापूरमध्येच आहे, आणि शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. दुकानाकडून ती अपेक्षा करू नये. मात्र रोजच्या कामातली भाजलेली कातडी, डोळ्यात उडालेला कण, पायावर पडलेला जॉब आणि वर्षानुवर्षे फुप्फुसात साठत जाणारी वाफ यांपासून माणसाला वाचवायला योग्य साहित्य निश्चित उपयोगी पडते, आणि ते योग्य आहे की नाही हे या दुकानात इतर ठिकाणांपेक्षा अधिक काळजीपूर्वक पाहिले जाते.

श्वसनाचे साहित्य, हातमोजे, गॉगल आणि हेल्मेट यांसाठी मी हे दुकान निःसंकोच सुचवते. बूट तारीख पाहून घ्यावेत. हार्नेस घ्यायचा असेल तर आतला, बंद पिशवीतला मागावा. पाठीवरचे हवेचे सिलिंडर, गॅस मीटर आणि विजेच्या कामाचे चाचणी केलेले रबरी हातमोजे आम्ही थेट उत्पादकांच्या वितरकाकडून घेतो, कारण त्यांची ठरावीक काळाने पुन्हा चाचणी करून घ्यावी लागते आणि ती सोय या दुकानात नाही. जाताना ड्रमवरच्या लेबलचा फोटो आणि सुरक्षा माहितीपत्रकाचे आठवे कलम सोबत न्यावे. त्या कलमात संपर्क मर्यादा आणि वैयक्तिक संरक्षण यांची माहिती दिलेली असते. दुपारी जेवणाच्या वेळी काका काउंटरवर नसतात, आणि फोडलेले कार्ट्रिजचे पाकीट परत घेतले जात नाही.